पाटणचा कुट्टक आणि पवईचा कंपायलर

खानदेशातील पहूर गावाच्या दक्षिणेस अजिंठ्याची जी डोंगररांग दिसते, तीच पश्चिमेकडे सरकत सरकत चाळीसगाव तालुक्यात जाते, आणि तिच्या कुशीत पाटण नावाचे जे प्राचीन स्थान आहे, तेथील शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख विद्वानांच्या परिचयाचा आहे. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्या मठास उत्पन्न लावून दिले, हा त्या लेखाचा आशय. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. परंतु दानाचा तपशील जेथे येतो तेथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. विद्येचा गौरव संस्कृतात, आणि बाजारातल्या कोणत्या व्यवहारावर किती घ्यावे, घाण्यामागे किती तेल मठास पोचवावे, हा हिशेब मात्र तेथल्या तेल्याला आणि वाण्याला कळेल अशा बोलीत, अशी ही व्यवस्था होती.

घाण्यामागे अमुक तेल, हा हुकूम दगडावर एकदाच कोरला गेला. त्याची अंमलबजावणी मात्र गावात जितके घाणे फिरत असतील तितक्या वेळा व्हावयाची होती. एक वाक्य लिहावे आणि त्याचे काम शेकडो वेळा घडावे, ही युक्ती हिशेबाच्या इतिहासात फार जुनी आहे, आणि संगणकाच्या आज्ञावलीत तिलाच आपण लूप म्हणतो. आज्ञावली हजारो ओळींची असली तरी यंत्राचा बहुतेक वेळ तिच्यातल्या थोड्याशा लूपांमध्ये खर्च होतो, आणि म्हणून मनुष्याने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरने लूपची तपासणी कशी करावी, त्यात काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या सुमारे सत्तर वर्षांत उभे राहिले. या शास्त्रात महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे आणि तो मुंबईत पवई येथे घडला. शिवाय या शास्त्राच्या मुळाशी अंकगणिताचा जो एक नियम आहे, तो पाटणच्या मठात ज्या ग्रंथांचे पठण व्हावे अशी चांगदेवाची इच्छा होती, त्याच ग्रंथांत सांगितलेला आहे. या दोन्ही गोष्टी खानदेशच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असाव्यात, या तळमळीतून हा लेख लिहिला आहे.

भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्ध झाला, आणि त्याच्या बीजगणित या भागात चक्रवाल नावाची जी पद्धती आहे ती आवर्तनाच्या विचाराचा एक थोर नमुना होय. एखाद्या पूर्ण वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती, हा आचार्यांनी घेतलेला प्रश्न दिसण्यास साधा आहे. परंतु त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० इतके मोठे असून तयार होणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ येते. पुढे १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातील विद्वानांना जे आव्हान दिले त्यातही हीच ६१ ही संख्या होती. भास्कराचार्यांच्याही पूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ही पद्धती मांडलेली होती. तिचे स्वरूप असे की, एक ठरावीक कृती करावी, तिच्यातून निघालेले आकडे पुन्हा त्याच कृतीला पुरवावेत, आणि इष्ट शेष हाती येईपर्यंत हे चक्र फिरत ठेवावे. आणि या चक्राच्या प्रत्येक फेरीत योग्य गुणक शोधण्यासाठी कुट्टक नावाच्या दुसऱ्या कृतीचे साहाय्य घ्यावे. कुट्टकाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत; कारण आजच्या कंपायलरलाही त्याची गरज भासते.

यंत्रासाठी लिहिलेल्या लूपची यंत्राकडूनच तपासणी करविण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत आय.बी.एम. या कंपनीत झाला. जॉन बॅकस यांच्या मंडळींनी १९५४ मध्ये फोर्ट्रान भाषेची योजना मांडली आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये तिचा कंपायलर ७०४ या यंत्रासाठी ग्राहकांच्या हाती दिला. त्या काळी आज्ञावली हाताने यंत्रभाषेत लिहिण्याची वहिवाट होती, आणि यंत्राने केलेले भाषांतर कुशल कारागिराच्या कामाच्या निम्म्याच वेगाने चालले तर त्याला कोणी विचारणार नाही, ही भीती बॅकस यांच्या मनात सतत होती. म्हणून त्यांच्या कंपायलरच्या सहा भागांपैकी दुसरा सबंध भाग, जो रॉबर्ट नेल्सन आणि अर्व्हिंग झिलर यांनी रचला, तो लूप आणि त्यांतील कोष्टकांची घरे यांचा हिशेब कमीत कमी श्रमात कसा उरकावा याच कामाला वाहिलेला होता. यंत्रात अशा हिशेबासाठी राखीव नोंदस्थाने केवळ तीन. तेव्हा कोणता आकडा कोठे ठेवावा हे ठरविण्यासाठी आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज बांधणे भाग होते, आणि ते काम लॉइस हाइट या विदुषीने लिहिलेल्या भागाकडे होते. म्हणजे लूपचे विश्लेषण हे कंपायलरच्या इतिहासात मागाहून चढविलेले भूषण नव्हे. पहिल्या यशस्वी कंपायलरच्या जन्माचेच ते एक प्रयोजन होते.

हे विश्लेषण म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी आपण पहूरकडे येऊ. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या गावाची नावेच त्याच्या जुन्या कारभाराची साक्ष देतात. पाचोरा ते जामनेर ही अरुंद रुळांची आगगाडी ज्या मुलखातून शंभर वर्षांपूर्वी गेली तो मुलूख कापसाचा, आणि त्याचा व्यवहार काट्याचा, आडतीचा आणि हिशेबपट्टीचा. समजा, येथील एखाद्या जिनिंगमध्ये दिवसभरात कापसाच्या चारशे गाड्या काट्यावर आल्या, आणि प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार करण्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिलेली आहे. ती प्रत्येक गाडीसाठी तीन कामे करते. क्विंटलच्या भावाला शंभराने भागून किलोचा भाव काढते. त्या भावाने गाडीच्या निव्वळ वजनाला गुणून रक्कम ठरविते. आणि दिवसाच्या एकूण हमालीला गाड्यांच्या संख्येने भागून येणारा वाटा त्या रकमेतून वजा करते.

पहिले काम नीट पाहिले तर ध्यानात येते की क्विंटलचा भाव त्या दिवशी ठरून गेलेला आहे, गाडी बदलली तरी तो बदलत नाही, आणि म्हणून चारशे वेळा तोच भागाकार करून तेच उत्तर काढण्यात यंत्राचे श्रम व्यर्थ जातात. लूप सुरू होण्यापूर्वी तो एकदा करून ठेवावा म्हणजे झाले. फेरीगणिक न बदलणारे काम असे लूपच्या बाहेर नेणे हे या शास्त्रातले सर्वांत जुने परिवर्तन. परंतु ते करण्यापूर्वी कंपायलरला हे सिद्ध करावे लागते की लूपच्या आत कोठेही, आडमार्गाने का होईना, त्या भावाला हात लागलेला नाही. मध्येच एखाद्या ओळीत प्रतवारीनुसार भाव बदलला जात असेल, तर बाहेर नेलेला भागाकार शेतकऱ्याच्या पट्टीत खोटा आकडा घालील.

तिसरे काम त्याहून उद्बोधक आहे. एकूण हमाली आणि गाड्यांची संख्या याही गोष्टी न बदलणाऱ्या आहेत, तेव्हा तो भागाकारही बाहेर नेण्यास हरकत नसावी, असे सकृद्दर्शनी वाटते. पण पोळ्याच्या दिवशी काट्यावर एकही गाडी आली नाही तर काय होईल? मूळ आज्ञावलीत लूपची एकही फेरी होणार नाही, भागाकाराची वेळ येणार नाही, आणि कोरा हिशेब निर्वेध छापला जाईल. बाहेर नेलेला भागाकार मात्र शून्याने भागण्याच्या प्रयत्नात सबंध काम तेथेच बंद पाडील. वेग वाढविण्याच्या हौसेने जेथे अडचण नव्हती तेथे ती निर्माण झाली. यावर तोड अशी की, निदान एक तरी गाडी आहे हे प्रथम तपासावे, ती असल्यासच लूपच्या अलीकडे एक स्वतंत्र पायरी बांधावी, आणि बाहेर काढलेली कामे त्या पायरीवर ठेवावीत. आजचे कंपायलर लूप फिरवून त्याची तपासणी अशीच दोन ठिकाणी विभागतात. याला इतिहासाचा एक धागाही आहे. १९६६ च्या फोर्ट्रान प्रमाणाच्या काळात अनेक कंपायलर लूपची निदान एक फेरी तपासणीविना करूनच टाकीत. १९७७ च्या प्रमाणाने शून्य फेऱ्यांचा लूपही कायदेशीर ठरविला, आणि तेव्हापासून ही सावधगिरी अपरिहार्य झाली.

आता चारशे गाड्यांच्या नोंदी स्मृतीत एकापुढे एक ठेवल्या आहेत आणि प्रत्येक नोंद चाळीस घरे व्यापते, असे धरले, तर अमुक क्रमांकाची नोंद कोठे आहे हे काढण्यासाठी त्या क्रमांकाला चाळिसाने गुणावे लागते. गुणाकार हे जुन्या यंत्रांवर महाग काम होते. परंतु मागील नोंदीचे स्थान माहीत असल्यास त्यात चाळीस मिळविले की पुढील नोंद सापडते. गुणाकाराची जागा बेरजेने भरून निघते. महाग क्रिया हटवून स्वस्त क्रिया आणण्याच्या या रीतीचा पद्धतशीर विचार आय.बी.एम. मधील जॉन कॉक आणि फ्रान्सिस ॲलन यांनी केला. १९५७ मध्ये फोर्ट्रान शिकविण्यासाठी कंपनीत रुजू झालेल्या ॲलनबाईंनी १९७० मध्ये आज्ञावलीतील मार्गांचे विश्लेषण कसे करावे हे मांडले, पाठोपाठ कॉक यांच्यासह परिवर्तनांची एक विस्तृत सूची सिद्ध केली, आणि २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी अशा सर्व विश्लेषणांना एकाच गणिती चौकटीत बसविले.

मुंबईतील संगणनाची पार्श्वभूमी याच काळातली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा देशी बनावटीचा टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६४ मध्ये तेथेच सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. पवईची भारतीय तंत्रशास्त्र संस्था १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने स्थापन झाली होती, आणि तेथील यंत्रेही प्रथम मिन्स्क व पुढे ई.सी. १०३० अशी सोव्हिएत बनावटीची होती. छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट पाहत बसावे आणि यंत्राचा वेळ मोजून मिळावा, अशा त्या काळात पवईच्या संगणक केंद्रात धनंजय ढमढेरे यांनी लूपच्या प्रश्नाला हात घातला. १९७९ मध्ये महाग क्रिया हटविण्याच्या रीतींवर त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये जे. आर. आयझॅक यांच्यासह काम बाहेर नेणे आणि क्रिया स्वस्त करणे या दोहोंची संयुक्त रीत त्यांनी मांडली. आणि १९८२ मध्ये एस. एम. जोशी यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा दोन भागांतील निबंध हा या शास्त्राच्या इतिहासात आजही उल्लेखिला जातो.

या निबंधाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. तोपर्यंतची वहिवाट अशी की, आधी आज्ञावलीतले लूप शोधून काढावेत, मग त्यांतील न बदलणारी कामे वेगळी काढावीत, आणि फेरीगणिक ठरावीक प्रमाणात वाढणारे आकडे आणखी वेगळे हुडकावेत. प्रत्येक कामाची तजवीज निराळी. १९७९ मध्ये मोरेल आणि रेन्व्हॉइझ या फ्रेंच संशोधकांनी दाखविले की लूप मुळी शोधण्याची गरजच नाही. एखाद्या ठिकाणी पोचण्याचे दोन मार्ग असतील, त्यांपैकी एका मार्गावर एखादे गणित आधीच झालेले असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर दुसऱ्या मार्गावरही ते करून ठेवावे, म्हणजे संगमावर ते पुन्हा करावे लागत नाही. लूपच्या आरंभाशी असाच संगम असतो: मागून फिरून येणाऱ्या मार्गावर किलोच्या भावाचा भागाकार होऊन गेलेला असतो, आणि प्रथम प्रवेश करणाऱ्या मार्गावर तो झालेला नसतो. प्रवेशाच्या मार्गावर तो एकदा ठेवला की लूपच्या आतून तो आपोआप नाहीसा होतो.

जोशी आणि ढमढेरे यांनी या विचाराला पुढची पायरी दिली. क्रमांक बदलला की त्याचा जुना गुणाकार बाद झाला, असे आजवर मानले जाई. त्यांनी म्हटले की क्रमांकात जर केवळ ठरावीक संख्या मिळविली गेली असेल, तर जुना गुणाकार निकामी होत नाही, तो जखमी होतो, आणि एका बेरजेने त्याची दुरुस्ती करता येते. मग महाग क्रिया हटविणे आणि काम बाहेर नेणे ही दोन परिवर्तने एकाच विश्लेषणाची दोन फळे ठरतात. पुढे १९९१ मध्ये ढमढेरे यांनी मोरेल-रेन्व्हॉइझ यांच्या रीतीतला एक उणेपणा दूर केला. गणित नेमके दोन खंडांना जोडणाऱ्या वाटेवर ठेवण्याची मुभा दिली की कारणाविना होणारी हलवाहलव टळते, हे त्यांनी दाखविले. जर्मनीतील नूप, र्‍यूथिंग आणि स्टेफन यांनी १९९३ मध्ये क्रिया स्वस्त करण्याची जी नवी रीत मांडली तिची उभारणी जोशी-ढमढेरे यांच्या पायावरच झाली. १९९४ मध्ये उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी अशा सर्व विश्लेषणांचा एक व्यापक सिद्धान्त दिला, आणि २००९ मध्ये खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा आधारग्रंथ प्रसिद्ध झाला. जी.सी.सी. या मुक्त कंपायलरच्या अभ्यासाचे केंद्रही पवईतच उभे राहिले, आणि त्याच्या कार्यशाळांतून देशभरच्या अध्यापकांनी लूपचे समांतरीकरण कसे चालते हे प्रत्यक्ष कंपायलर उघडून पाहिले.

समांतरीकरणाच्या उल्लेखाबरोबर कुट्टकाची वेळ येते. एकाच वेळी अनेक प्रक्रियकांनी काम करावे अशी यंत्रे आली, तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की लूपच्या फेऱ्या एकमेकींची वाट न पाहता स्वतंत्रपणे चालविता येतील काय. एका फेरीने लिहिलेला आकडा दुसरी फेरी वाचत असेल, तर त्यांचा क्रम मोडता येत नाही. समजा, लूपची कोणतीही फेरी ४क + १ या क्रमांकाच्या घरात लिहिते आणि ६ख + ४ या क्रमांकाच्या घरातून कोणती तरी फेरी वाचते. क आणि ख हे फेऱ्यांचे क्रमांक. दोन्ही घरे कधी एकच होतील काय, हे विचारणे म्हणजे ४क उणे ६ख बरोबर ३ या समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे काय, हे विचारणे. ४ आणि ६ या दोहोंना २ ने भाग जातो, ३ ला जात नाही. म्हणून उत्तर असणे अशक्य, आणि म्हणून या दोन नोंदींपुरत्या सर्व फेऱ्या परस्परांपासून मुक्त. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कक यांच्या संशोधकगटात ही कसोटी सत्तरच्या दशकात रूढ झाली, आणि तेथेच उत्पल बॅनर्जी यांनी १९७९ च्या प्रबंधात व १९८८ च्या ग्रंथात तिला फेऱ्यांच्या मर्यादांचा विचार जोडून पूर्णता आणली. मर्यादांचा विचार का हवा, तेही एका उदाहरणाने कळते. लेखन ४क + १ ऐवजी ४क + २ मध्ये होत असेल, तर क दोन आणि ख एक असता दोन्ही बाजूंस दहा येतात आणि घरे एक होतात. पण लूप दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचणारच नसेल, तर तो धोका कागदावरचाच राहतो.

कुट्टक म्हणजे अशी समीकरणे पूर्णांकांत सोडविण्याची रीत, आणि भास्कराचार्यांच्या परिभाषेत वरील ४ हा भाज्य, ६ हा हार आणि ३ हा ऋण क्षेप. कुट्टकाच्या आरंभीच आचार्यांनी बजावून सांगितले आहे की, ज्या संख्येने भाज्य आणि हार या दोघांना भाग जातो तिने क्षेपालाही भाग गेला पाहिजे. तो जात नसेल तर तो प्रश्नच दुष्ट समजावा. आर्यभटापासून चालत आलेल्या या गणिताला भास्कराचार्यांनी इतके स्वच्छ रूप दिले, की आजचा कंपायलर हीच कसोटी पहिल्या झटक्यात लावतो आणि असंख्य लूप तेथल्या तेथे मोकळे करतो. इलिनॉयच्या संशोधकांनी भास्कराचार्यांची लीलावती उघडून ही कसोटी घेतली, असे येथे सुचवायचे नाही. पूर्णांकांचे सत्य ज्याला ज्याला शोधावे लागले त्याला त्याला ते सापडले. परंतु ग्रहगणितासाठी घडविलेले साधन आठशे वर्षांनंतर यंत्राच्या कामाची वाटणी करण्यास उपयोगी पडते, यावरून शुद्ध गणिताच्या अभ्यासाला उत्पन्न लावून देणाऱ्या निकुंभांची दृष्टी किती दूरची होती हे उमजते. त्यांना या उपयोगाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. विद्या टिकली पाहिजे एवढे त्यांना पटले होते.

फेऱ्यांचा क्रम बदलण्याचे कारण केवळ समांतरीकरण हेच नव्हे. यंत्राची स्मृती ही पेशवे दप्तरातील रुमालांसारखी असते: कारकुनाकडे एक कागद मागितला तरी तो सबंध रुमाल काढून आणतो, आणि पुढचा कागद त्याच रुमालातला असला तर काम झटपट उरकते, प्रत्येक कागदाला नवा रुमाल लागला तर दिवस जातो. दिवसांच्या ओळी आणि गावांचे स्तंभ असे पर्जन्याचे कोष्टक घेतले, तर सी भाषेत ते ओळीओळीने साठविले जाते आणि फोर्ट्रानमध्ये स्तंभास्तंभाने. तेव्हा सी मध्ये बाहेरचा लूप गावांचा आणि आतला दिवसांचा असेल, तर प्रत्येक आकड्याला नवा रुमाल सोडावा लागतो. कंपायलरने आतला लूप बाहेर आणि बाहेरचा आत नेला की तेच काम कित्येक पटींनी वेगवान होऊ शकते. मात्र आजच्या दिवसाचा एखाद्या गावाचा आकडा हा कालच्या दिवसाच्या पुढील गावाच्या आकड्यावरून काढला जात असेल, तर दिवस बाहेर आणि गाव आत हाच क्रम बरोबर, आणि त्याची अदलाबदल केल्यास अजून तयारच न झालेला आकडा वाचला जाईल. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ मध्ये अशा गुंतलेल्या लूपांतही तिरप्या रेषेवरील फेऱ्या एकदम चालविता येतात हे दाखविले. पुढे पॉल फोत्रिए यांनी लूपच्या सर्व फेऱ्यांना अवकाशातील बिंदूंचे रूप देऊन हा सर्व विषय भूमितीच्या कक्षेत आणला, आणि २००८ मध्ये उदय बोंधुगुला यांच्या प्लुटो या साधनाने ती भूमिती व्यवहारात उतरविली.

आपल्या देशात या प्रश्नाला निकड आली ती महासंगणकांमुळे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तिचे संस्थापक-संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातले, आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हे अनेक प्रक्रियकांचे यंत्र सिद्ध केले. अशा यंत्राचा खरा लाभ घ्यावयाचा तर कोणत्या फेऱ्या कोणाकडे सोपवाव्यात याचा निर्णय मनुष्याने किंवा कंपायलरने घ्यावाच लागतो. त्यानंतरच्या दशकात, २००० मध्ये, इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी एल.एल.व्ही.एम. या कंपायलरच्या चौकटीचे काम आरंभिले. आडवे हे पवईच्या संस्थेचे १९८७ चे पदवीधर, आणि या कामासाठी २०१२ मध्ये लॅटनर व इव्हान चेंग यांच्यासह त्यांना ए.सी.एम. संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत असंख्य आज्ञावल्या या चौकटीतून जातात.

या चौकटीची रचना आपल्या विषयाचे सार सांगणारी आहे. तीत विश्लेषण करणारे भाग आणि परिवर्तन करणारे भाग यांची खाती वेगळी ठेवलेली आहेत. विश्लेषणाला काहीही बदलण्याचा अधिकार नाही. लूप कोठे सुरू होतो, मागे कोठून वळतो, बाहेर कोठून पडतो, कोणता आकडा फेरीगणिक कसा वाढतो, याची कैफियत त्याने तयार करावयाची. परिवर्तनाने ती कैफियत वाचूनच पाऊल टाकावयाचे; आणि एखादे परिवर्तन झाले की ज्या विश्लेषणांना त्याने धक्का लावला असेल ती रद्द समजून त्यांची रुजवात नव्याने करावयाची. फोर्ट्रानच्या पहिल्या कंपायलरपासून जोशी-ढमढेरे यांच्या निबंधापर्यंत आणि तेथून आजपर्यंत या शास्त्राची जी प्रगती झाली, ती मुख्यतः अधिक धाडसी बदल करण्याची नसून, अधिक बदल निर्धोक आहेत हे सिद्ध करण्याची आहे. ज्या बदलाचा दाखला हाती नाही तो कितीही लाभदायक दिसला तरी करू नये, हा या कारागिरीचा धर्म आहे, आणि त्यातच तिची थोरवी आहे. कारण कापसाच्या पट्टीवर विसंबलेल्या शेतकऱ्याला आपला हिशेब किती लवकर झाला याहून तो बरोबर झाला याचे मोल अधिक असते.

खानदेशात आज अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, जळगावात १९९० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते, आणि पहूर, शेंदुर्णी, जामनेर या गावांतून मुले-मुली संगणकशास्त्र शिकण्यासाठी बाहेर पडतात. त्यांना लूप शिकविला जातो तो बहुधा भाषेच्या व्याकरणातला एक नियम म्हणून. त्याच तासाला जर कुट्टकाची अट आणि बॅनर्जींची कसोटी शेजारी शेजारी फळ्यावर मांडली, जोशी आणि ढमढेरे यांच्या निबंधातील जखमी गुणाकाराची कल्पना उलगडून सांगितली, आणि शून्य गाड्यांच्या दिवशी कोणते परिवर्तन फसते हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतले, तर हे शास्त्र परक्यांचे आहे ही भावना उरणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या यंत्रांतही काम चालते ते प्रचंड कोष्टकांवरील लूपांचेच, आणि ते नव्या नव्या प्रक्रियकांवर कसे बसवावे हा प्रश्न अद्याप संपलेला नाही. एल.एल.व्ही.एम. आणि जी.सी.सी. यांचा सर्व मूळ मजकूर कोणालाही वाचण्यासाठी खुला आहे. त्यात सुधारणा सुचविणाऱ्याने आपला बदल निर्धोक असल्याचे दाखवून दिले पाहिजे, इतकीच तेथे अपेक्षा असते. ती पुरी करण्याइतके गणित आपल्या शाळा-महाविद्यालयांतून पक्के करून घेणे, हे आपल्या अध्यापकांच्या हातचे काम आहे, आणि ते आता टाळू नये.